नास्तिकांच्या गटाने भूमिका घ्यायची तर कशी घ्यायची: लेटरहेड सांभाळणाऱ्याचा अनुभव

मिरजेत माझी छोटी ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं ही कामं. दिवसभर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ छापतो आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्याच मशिनशेजारी सतरंजी टाकून आम्ही वीसबावीस नास्तिक बसतो. कागद माझा, जागा माझी, म्हणून सेक्रेटरीपणही माझ्याच गळ्यात. गटाचं लेटरहेड माझ्या कपाटात असतं. नास्तिकांच्या गटाने देवाधर्मापलीकडच्या प्रश्नांवर बोलावं का, हा लोकांना मोठा तात्त्विक प्रश्न वाटतो. मला विचाराल तर तो आधी त्या कपाटाच्या किल्लीचा प्रश्न आहे.

ही अक्कल मला नुकसान होऊन आली. काही वर्षांपूर्वी बलात्काराचा एक खटला गाजत होता. आमच्यातल्या दोघांनी गटाच्या नावाने पत्रक काढलं: आरोपींना भर चौकात फाशी द्या. लग्नसराई होती, मी न वाचताच प्लेट लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वकीलबाई दारात उभ्या. त्यांचा फाशीलाच मुळात विरोध. “हे मी कधी म्हटलं?” एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गेल्या, त्यांच्यामागे आणखी तिघं गेले. त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली, ती सांगतो.

नवा गट असेल तर पहिल्याच बैठकीत एक गोष्ट मान्य करून टाका: ‘देव नाही’ एवढ्यावरून फाशी, आरक्षण, मांसाहार, समान नागरी कायदा यातल्या कशाचंच उत्तर निघत नाही. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असं लिहिणारे सावरकर आणि भर सभेत पिल्लयारच्या, म्हणजे गणपतीच्या, मूर्ती फोडणारे तमिळनाडूचे पेरियार यांना मनाने एका सतरंजीवर बसवून बघा. भाबडी पूजा दोघांनाही नको होती. पण पुढच्या विषयाला चहा यायच्या आत बैठक मोडेल. तेव्हा ‘आपण विवेकी, म्हणून आपलं मत अमुकच असणार’ असं कुणी म्हणालं की त्याला तिथेच थांबवा. म्हणणारा बहुतेक वेळा स्वतःचंच मत सगळ्यांच्या खिशात घालत असतो.

मग गप्पच बसावं का? तसंही नाही. आगरकरांनी देवाविषयीचं मत सांगून लेखणी खाली ठेवली असती, तर त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढायची तसदी पुण्यातल्या लोकांनी घेतली नसती. 1888 साली ‘सुधारक’ काढला तो केशवपन, बालविवाह, स्त्रीशिक्षण यांवर बोलायला. र. धों. कर्व्यांनी 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. देव नाही हे त्यांना एका लेखात सांगून संपवता आलं असतं. नैतिक प्रश्न टाळून आपल्याकडे कुणी धड नास्तिक झालेला मला तरी आठवत नाही.

आता पद्धत. तुमची संस्था नोंदलेली असेल तर घटनेतली उद्देशांची यादी काढा. (आपल्या राज्यात नास्तिकांनाही नोंदणीसाठी धर्मादाय आयुक्तांचंच दार वाजवावं लागतं, यावर आमच्याकडे दरवर्षी एकदा तरी हसून होतं.) उद्देशात काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीकडून, म्हणजे अंनिसकडून, इथे शिकण्यासारखं आहे. अंनिस ही नास्तिकांची संघटना नाही, देव मानणारेही तिच्यात आहेत. पण तिने आपली चतुःसूत्री आधीच सांगून ठेवली: शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक परिवर्तनाच्या चळवळींशी जोडून घेणं. चौथं सूत्र लिहून ठेवलेलं असल्यामुळे जातपंचायतींचा विषय हाती घेताना ‘हा आपला विषय आहे का’ यावर वर्ष घालवायची वेळ आली नाही. 2013 मध्ये नाशिकच्या एका घटनेनंतर ते काम सुरू झालं आणि 2016 साली राज्यात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या उद्देशात असं चौथं सूत्र नसेल तर आधी ते घाला किंवा नको म्हणून ठरवा. ऐन वादात घालू नका.

विषय आला की आम्ही तीन गोष्टी विचारतो. यात धर्माच्या नावावर कुणाचं नुकसान होतंय का? आपल्यापैकी कुणाला यातलं खरंच काही कळतं का? आणि भूमिका घेतली, तर सोमवारी सकाळी आपल्यातलं कोण काय करणार? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक विषय गळतात. युक्रेनच्या युद्धावर ठराव आला होता, तो तिथेच गळला. सोमवारी आमच्यापैकी कुणीच कीव्हला जाणार नव्हतं.

पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 2016 मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा वाद पेटला तेव्हा आमची बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली. एक सभासद म्हणाले, “ज्या चौथऱ्यावर आपण पाऊलही टाकणार नाही, तिथे बायकांनी जावं म्हणून आपण का भांडायचं? उलट बायका सुटल्या म्हणा.” सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक नर्स म्हणाली, “मला शनीला तेल वाहायचं नाही. पण मला ‘तू बाई आहेस म्हणून नको’ म्हणायचा हक्क कुणाला द्यायचा नाही.” उच्च न्यायालयही त्याच वाटेने गेलं. 1956 च्या हिंदू सार्वजनिक पूजास्थान प्रवेशाच्या कायद्याकडे बोट दाखवून प्रवेश हा बायकांचा हक्क आहे असं त्याने सांगितलं आणि त्या गुढीपाडव्याला चौथरा उघडला. दाभोलकर, एन. डी. पाटील, श्रीराम लागू यांनी 2000 सालीच यासाठी आंदोलन केलं होतं. म्हणजे प्रश्न पूजेचा आहे की वागणुकीचा, हे आधी वेगळं करा. पूजेचा असेल तर भाविक बघून घेतील. वागणुकीचा असेल तर तो आपलाही आहे.

तिसऱ्या प्रश्नाला टिकलेला विषय म्हणजे इच्छामरण. 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, बरं होण्याची आशा नसताना यंत्रांवर जगवू नका असं आधीच लिहून ठेवायचा हक्क मान्य केला. 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, मॅजिस्ट्रेटकडे खेटे घालावे लागत नाहीत. आम्ही ठराव केला, पण ठरावाबरोबर दोन पानी मराठी मसुदाही केला, मीच टाइप केला. ओळखीचा नोटरी गाठला, सर्वांची तारीख लावली. अकराजणांनी सह्या केल्या. त्यातले दोघे आजही म्हणतात की इच्छामरणाबद्दल त्यांची खात्री नाही. पण फॉर्म वाटायला तेच पुढे असतात.

2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्यातले काहीजण एका देवस्थानाच्या अन्नछत्रात वाढायला गेले. ‘गटाने हे चालवून घ्यायचं का?’ असं एकाने विचारलं. याला भूमिका लागत नाही, पळी लागते.

मतदानाचं म्हणाल तर साधं बहुमत घेऊ नका. बाराविरुद्ध दहा मतांनी घेतलेली भूमिका म्हणजे दहाजणांच्या तोंडून बोलवून घेतलेलं खोटं. आम्ही हजर असलेल्यांच्या तीन चतुर्थांश मतं मागतो, विषय आठ दिवस आधी कळवतो आणि पंधराजण नसतील तर मत घेतच नाही. विरोधात असलेल्यांचं म्हणणं इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत उतरवतो, मग ते चार ओळींचं असो की पानभर. हे फार महत्त्वाचं आहे. ज्याचं म्हणणं कागदावर उतरतं तो सहसा गट सोडत नाही. नंतर चूक निघाली तर तोच कागद उघडून वाचता येतो. आमच्याकडे दोनदा वाचावा लागला आहे.

पत्रक लिहिताना माहिती आणि मूल्य वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. ‘कायद्यात अमुक कलम आहे’ हे एक, ‘आम्हाला हे अन्याय्य वाटतं’ हे दुसरं. दोन्ही एका वाक्यात कोंबलं की वाचणाऱ्याला वाटतं, न्याय-अन्यायही आपण प्रयोगशाळेत मोजून आणलाय. ‘अज्ञानी जनता’ हा शब्द दिसला तर माझ्या प्रेसवर प्रूफ परत जातं. त्या जनतेच्याच लग्नपत्रिकांवर माझं घर चालतं.

वकीलबाईंना मी दोन वर्षांनी जाऊन भेटलो, नवीन नियमांचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, पेनाने दोन दुरुस्त्या केल्या आणि पुढच्या रविवारी आल्या. उरलेले तिघं आलेले नाहीत.

परवा एक तरुण सभासद आला. प्राण्यांच्या कत्तलीविरुद्ध पत्रक हवं होतं, लेटरहेडवर, संध्याकाळपर्यंत. मी म्हटलं, विषय रविवारच्या यादीत घालतो. घाईच असेल तर तुझ्या नावाने छापून देतो, शंभर प्रती, पैसे रोख. त्याने थोडा विचार केला आणि पाकीट काढलं. प्रूफ आत्ता टेबलावर आहे, ‘अज्ञानी जनता’ दोन ठिकाणी.