जुना पिकअप ट्रक बंद पडतो, मिसिंग मारतो: दोष कसा शोधावा

तीन लाख किलोमीटर धावलेला पेट्रोलचा पिकअप ट्रक सिग्नलला उभा असताना बंद पडू लागला किंवा चढावर मिसिंग मारू लागला (म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटल्याने झटके देऊ लागला), की पहिला मोह होतो तो सुटे भाग बदलण्याचा. आधी ठिणगी पाडणारा प्लग, मग त्याला उच्च दाबाची वीज पुरवणारी कॉइल, मग पेट्रोलचा पंप बदलून होतो आणि एवढा खर्च करूनही इंजिन तसेच धडधडत राहते. जुन्या इंजिनात जवळजवळ प्रत्येक भाग थोडाफार झिजलेला असतो, त्यामुळे जो काढून पाहावा तो भाग दोषीच वाटतो. म्हणून दोष कोणत्या भागात आहे हे विचारण्याआधी तो नेमका केव्हा दिसतो हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी गाडीत एक वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी इंजिन थंड होते की गरम, गाडी उभी होती की ओझे घेऊन चढत होती, हवा दमट होती का आणि टाकीत पेट्रोल किती होते, एवढे लिहून ठेवावे. आठवड्याभराच्या नोंदींतून बहुधा दिशा सापडते. फक्त आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता संथ फिरताना, बंद पडणारे इंजिन बहुतेक वेळा हवेच्या बाजूचा दोष सांगते. म्हणजे व्हॅक्यूमची गळती (फटीतून इंजिनात जादा हवा शिरणे), हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन किंवा उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारी झडप). ओझ्याखालीच मिसिंग येत असेल तर ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोलचा दाब पुरत नाही, असे आधी समजावे. पावसाळी हवेतच त्रास होत असेल तर प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या हाय टेन्शन वायरी आणि ती सिलिंडरांत वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप यांपासून सुरुवात करावी.

यानंतर गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर लावावा. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ची, म्हणजे दोष वाचण्यासाठीच्या प्रमाणित सॉकेटची, जोडणी सक्तीची झाली, त्यामुळे तेथील त्यानंतरच्या गाड्यांत साध्या स्कॅनरनेही दोषाचे कोड वाचता येतात. पी०३०० हा कोड अनेक सिलिंडरांत इकडेतिकडे मिसिंग होत असल्याचे सांगतो. पी०३०१, पी०३०२ अशा कोडमधला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो. कोड वाचण्यापूर्वी बॅटरीची वायर काढू नये, कारण कोडबरोबर साठवलेली त्या क्षणाची नोंद, म्हणजे इंजिनाचे तापमान, आरपीएम (दर मिनिटाचे फेरे) आणि भार, बहुतेक गाड्यांत त्यासरशी पुसली जाते, आणि ती नोंद कोडइतकीच मोलाची असते. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नये. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो आतून वितळू शकतो.

कोड एकाच सिलिंडरकडे बोट दाखवत असेल तर काम सोपे आहे, आणि ते करण्याची एक बिनखर्चाची रीत आहे. समजा, तिसऱ्या सिलिंडरचा कोड आला आहे आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे. तिसऱ्याची कॉइल पाचव्यावर आणि पाचव्याची तिसऱ्यावर बसवावी, कोड पुसावा आणि ज्या स्थितीत दोष येतो त्याच स्थितीत गाडी चालवावी. कोड पाचव्यावर गेला तर कॉइल खराब आहे. तिसऱ्यावरच राहिला तर हीच अदलाबदल प्लगची आणि मग इंजेक्टरची (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या भागाची) करावी. एका वेळी एकच भाग हलवावा. दोन भाग एकदम हलवले तर उत्तर मिळूनही ते कोणाचे, हे कळत नाही.

प्लग काढला की तो लगेच पुसू नये, उजेडात धरून नीट पाहावा. फिकट तपकिरी टोक निरोगी समजावे. कोरडी काळी काजळी जास्त पेट्रोल जात असल्याचे किंवा ठिणगीच पडत नसल्याचे लक्षण असते. ओले, तेलकट टोक रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजल्याचे सांगते; पांढरे, फोड आल्यासारखे टोक मिश्रण विरळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचे किंवा प्लग फार तापत असल्याचे सुचवते. चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी टोकावर न पडता बाहेरून उडत आहे. असा प्लग कितीही स्वच्छ दिसला तरी परत बसवू नये आणि त्याचे रबरी टोपणही बदलावे.

कोड कोणत्याच एका सिलिंडरचा नसेल तर स्कॅनरवर इंधनाची दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम पाहावी; संगणक ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, हे ती सांगते. ती आयडलिंगला +१० टक्क्यांच्या बरीच वर असेल आणि २,५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे. कडक झालेल्या रबरी नळ्या, ब्रेक बूस्टरची नळी आणि इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट ही जुन्या गाडीतली नेहमीची ठिकाणे आहेत. गळती शोधण्यासाठी धुराची चाचणी, म्हणजे इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणे, सर्वांत सुरक्षित आहे. गरम इंजिनावर ज्वलनशील फवारा मारण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तीत आग लागण्याचा धोका आहे. उलट ट्रिम ओझ्याखाली वाढत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. तेव्हा दाब मोजावा, तोही भार असताना. दाब किती असावा हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावे, कारण थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या (थ्रॉटल बॉडीतच पेट्रोल फवारणाऱ्या) जुन्या इंजिनांना साधारण १० ते १५ पीएसआय (दाबाचे एकक) पुरतो, तर प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टर असलेल्यांना बहुधा ४० ते ६० लागतो. येथे एक सावधगिरी हवी. मिसिंग होते तेव्हा न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि तेथील ऑक्सिजन सेन्सर त्याला विरळ मिश्रण समजतो. त्यामुळे मिसिंगच्या जोडीला आलेला विरळ मिश्रणाचा कोड हा कारण नसून परिणामही असू शकतो.

गरम झाल्यावर अचानक बंद पडणे आणि अर्ध्या तासाने काही न घडल्यासारखे सुरू होणे हा सर्वांत छळणारा प्रकार आहे. माझ्या स्वतःच्या ट्रकने मला असे दोन महिने फिरवले. शेवटी मी इंजिन बंद पडताना आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवली: गाडी अजून पुढे सरकत होती, गिअर पडलेला होता, म्हणजे इंजिन फिरतच होते, तरी काटा एका झटक्यात शून्यावर आला. संगणकाला इंजिन फिरत असल्याचा संकेतच मिळत नव्हता. तो संकेत देणारा क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर मात्र ठीक होता. त्याची वायर एक्झॉस्टजवळून जात होती, तिचे आवरण बिस्किटासारखे ठिसूळ झाले होते आणि तापल्यावर आतली तार ब्लॉकला टेकत होती. म्हणून सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर हाताने, इंचाइंचाने तपासावी. अर्थिंगच्या पट्ट्याही याच वेळी पाहाव्यात: बॅटरी शांत असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ व्होल्ट मिळत असूनही गंजलेली पट्टी सेन्सरांना खोटे आकडे पाठवू शकते.

ठिणगी, पेट्रोल आणि हवा तिन्ही ठीक निघाली तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजावे. सर्वांत कमी दाबाच्या सिलिंडरचा आकडा सर्वांत जास्त असलेल्याच्या पाऊणपटीच्या खाली जाता कामा नये. कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट त्यांच्यामध्ये फाटल्याचा संशय घ्यावा.

दुरुस्तीनंतर कोड पुसून वहीतल्या त्याच स्थितीत, तितक्याच गरम इंजिनावर आणि तितक्याच ओझ्यासह, गाडी चालवून पाहावी आणि पहिले दोनतीन दिवस नोंदी चालू ठेवाव्यात, कारण या वयाच्या ट्रकमध्ये एका दोषाच्या आड दुसरा बसलेला असणे मुळीच दुर्मिळ नाही.