गाडीचा एसी उन्हाळ्यात थंड करत नाही? गॅसच्या दाबाबाबत या चुका टाळा

मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की गॅरेजमध्ये एकच निदान ऐकू येते: गॅस कमी झाला आहे, भरून घ्या. तपासणीआधीच केलेले हे निदान हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण एसीमधील दाब केवळ गॅसच्या प्रमाणावर नव्हे, तर तापमानावर आणि कंडेन्सरला (रेडिएटरपुढची, गॅसची उष्णता बाहेर सोडणारी जाळी) मिळणाऱ्या हवेवरही ठरतो.

बाहेर ४५ अंश असताना एसीतील आर-१३४ए या गॅसला कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रव व्हायचे असेल, तर त्याला ६० ते ६५ अंशांवर जावे लागते आणि तेव्हा हाय साइडचा (कॉम्प्रेसरनंतरच्या, जास्त दाबाच्या बाजूचा) दाब २३० ते २६० पीएसआय (दाबाचे एकक) होतो. हिवाळ्यात दीडशेच्या आसपास असणारा गेजचा (दाबमापकाचा) काटा मेमध्ये अडीचशेवर दिसला, तर तेवढ्यावरून बिघाड ठरवू नये. दुसऱ्या बाजूला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह हा द्रव मोजून सोडतो व दाब एकदम उतरवतो. सुमारे २८ पीएसआयला हा गॅस शून्य अंशावर उकळतो, त्याखाली इव्हॅपोरेटरवर (केबिनची हवा थंड करणारी जाळी) बर्फ धरण्याची शक्यता असते. म्हणून काही गाड्यांत गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर बंद-चालू होतो, तर काहींत त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह पिस्टनचा स्ट्रोक (पुढे-मागे सरकण्याचे अंतर) कमी-जास्त करतो.

इंजिन बंद असताना गेज लावून गॅसचे प्रमाण ठरवणे ही दुसरी चूक. घरच्या सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत आतला दाब टिकून राहतो, तसेच येथेही होते: उन्हात तापलेल्या गाडीत जास्त व कमी दाबाच्या बाजूंचे दोन्ही काटे १५० पीएसआयच्या जवळ दिसतात, मग गॅस पुरेसा असो वा निम्मा. खात्रीचा मार्ग एकच आहे. जुना गॅस यंत्राने काढून घ्यावा, किमान अर्धा तास व्हॅक्यूम करावा (पंपाने आतली हवा व ओलावा ओढून काढावा) आणि बॉनेटखालील लेबलवर दिलेले ग्रॅम वजन करूनच भरावेत. अंदाजाने जास्त भरलेला गॅस कंडेन्सरमध्ये द्रवरूपाने साचतो, उष्णता सोडायला जागा कमी उरते आणि दाब आणखी चढतो.

खान्देशात कंडेन्सरकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारे कपाशीचे तंतू आणि धूळ कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत नमद्यासारखी घट्ट बसते. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण टॉर्च मारून वरून पाहिल्यावर राखाडी थर दिसतो. हा थर कमी दाबाच्या पाण्याने, फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) न वाकवता धुवावा. गाडी महामार्गावर थंड करते, पण रेल्वे फाटकावर थांबली की गरम हवा येते, असे होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा, त्याचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) आणि त्याचा जास्तीचा वेग तपासावा.

दाब फार कमी किंवा जास्त झाल्यास कॉम्प्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे त्याला वगळून तारा जोडणे, मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे. गॅससोबतच कॉम्प्रेसरचे तेल फिरते. गॅस फार कमी असताना स्विचला वगळून कॉम्प्रेसर चालवला, तर तो कोरडा पडून जाम होतो. दाब फार वाढला, तर हाच स्विच किंवा सेन्सर तो धोक्याच्या पातळीवर जाण्याआधी कॉम्प्रेसर बंद करतो.

गॅस खरोखर कमी निघाला, तर तो कुठून तरी गळालेला असतो. पाइपांचे सांधे, कॉम्प्रेसरचा शाफ्ट सील (फिरत्या दांड्याभोवतीचे सील) आणि सर्व्हिस व्हॉल्व्ह (गेज लावण्याची व गॅस भरण्याची जागा) येथे धूळ चिकटलेला तेलकट डाग शोधावा, आणि गळती बंद झाल्याशिवाय गॅस भरू देऊ नये.