पिल्लू ट्रेमध्ये का जात नव्हते

दोन महिन्यांचे मांजरीचे पिल्लू घरी आणले, तेव्हा पहिला आठवडाभर ते शी-शूसाठी ठेवलेला माती भरलेला ट्रे सोडून दिवाणखान्यातल्या पायपुसण्यावरच शू करीत असे. मी प्रत्येक वेळी त्याला रागावत होतो, आणि त्यातून ते फक्त कपाटामागे लपायला शिकले. ती माझी चूक होती आणि तिचे मला आजही वाईट वाटते.

नीट पाहिल्यावर लक्षात आले की ट्रे मी त्याच्या खाण्याच्या वाटीशेजारीच ठेवला होता, आणि मांजर जिथे खाते तिथे सहसा घाण करीत नाही. शिवाय ट्रेची कड उंच होती व मातीला सुगंध होता. मग तीन बोटे उंचीच्या कडेचा पसरट ट्रे न्हाणीघराजवळच्या शांत कोपऱ्यात ठेवला, बिनवासाची माती घातली आणि झोपेतून उठल्यावर व प्रत्येक खाण्यानंतर पिल्लाला अलगद त्यात नेऊन ठेवू लागलो. चौथ्या दिवसापासून ते आपणहून जाऊ लागले.

फरशी मात्र फिनाईलने पुसू नये, हे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण त्यातील फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निष्प्रभ करता येत नाहीत आणि पंजे चाटताना ती थेट पोटात जातात. जुना वास राहिला तर पिल्लू पुन्हा त्याच जागी जाते, म्हणून मी शूचा वास मुळापासून घालवणारा एन्झाइमयुक्त क्लीनर वापरला आणि पायपुसणे काही दिवस उचलून ठेवले. गाईचे दूधही बंद केले. त्याने पिल्लाला जुलाब होत होते.