क्रिटामध्ये चालणारं पात्र, आणि त्यावरचा तुमचा हक्क

क्रिटा हे चित्रं काढण्याचं आणि हलवण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे. वेग सेकंदाला २४ फ्रेम ठेवा, प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवा. सेकंदाला १२ चित्रंच काढावी लागतात. दोन पावलांची चाल तेवढ्यात बसते. आधी १ आणि ७ क्रमांकाची, टाच टेकतानाची चित्रं काढा. मग ४ आणि १०, पाय एकमेकांजवळून जातानाची. इथे डोकं टाच टेकतानापेक्षा किंचित वर हवं. ते एकाच उंचीवर राहिलं तर पात्र चालत नाही, सरकतं. मधली चित्रं ओनियन स्किन (मागची-पुढची चित्रं फिकट दाखवणारी सोय) लावून भरा. शेवटी पहिलं चित्र पुन्हा जोडू नका, प्रत्येक फेरीत चाल अडखळेल.

भारतात १९५७च्या कायद्यानुसार स्वतःचं चित्र काढताच कॉपीराइट मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. म्हणून लेयर (चित्राचे वेगवेगळे थर) असलेली मूळ फाइल जपाच. वाद झाला तर तीच कामी येते.

खरी अडचण उसन्या गोष्टींची. श्रेय देणं म्हणजे परवानगी नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायला खुल्या परवान्याच्या संगीतावर ‘एनडी’ (बदल करून प्रसिद्ध करू नका) अट असेल, तर ते हलत्या चित्रांशी जुळवून प्रसिद्ध करता येत नाही. ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नको) असेल तर पैसे मिळवणाऱ्या व्हिडिओत नको.