तळघराचं वॉटरप्रूफिंग करून घेताय? निदान या चुका तरी टाळा

तळघरात ओल दिसली की लोक कंत्राटदाराला फोन लावतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "स्क्वेअर फुटाला काय रेट?" समोरचा रेट सांगतो, घासाघीस होते, काम ठरतं. पाणी येतंय कुठून हे या सगळ्यात कुणी विचारत नाही. पुढे जे काही बिघडतं त्यातलं निम्मंअधिक या एका वगळलेल्या प्रश्नामुळे बिघडतं, आणि तेच तेच बघून आता खरंच वैताग आलाय.

निदानाआधी भाव

तळघरात पाणी साधारण चार वाटांनी येतं. छपरावरचं आणि अंगणातलं पावसाचं पाणी भिंतीलगत मुरतं. जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते आणि फरशी व भिंतीच्या सांध्यातून पाझर सुरू होतो. एखादा नळाचा किंवा ड्रेनेजचा पाइप फुटलेला असतो. आणि चौथं म्हणजे पाणी बाहेरून येतच नसतं, दमट हवेतली वाफ थंड भिंतीवर जमून ओघळत असते. चारही ठिकाणी भिंत ओलीच दिसते, पण उपाय मात्र चार निराळे.

ओळखायचं कसं? पाऊस पडल्यावर तास-दोन तासांत भिंत ओली होत असेल तर वरच्या पाण्यावर संशय घ्या. पाऊस होऊन दोन-तीन दिवस गेल्यावर सांध्यातून पाणी यायला लागलं आणि बराच काळ हटलंच नाही, तर भूजल. बारा महिने एकसारखी ओल असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा हळूहळू का होईना फिरत असेल तर तुम्हाला आधी प्लंबर हवाय. मीटर थांबलेला असला तरी ड्रेनेजचा पाइप सुटत नाही, त्याचं पाणी मीटरमधून जातच नाही. वाफेची शंका असेल तर प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि दिवसभर तसाच ठेवा. प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला थेंब आले तर ती हवेतली वाफ, आतल्या अंगाला आले तर पाणी भिंतीतून येतंय. तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर 26 अंशांच्या भिंतीवरसुद्धा पाणी जमतं. अशा ठिकाणी हवा खेळती करायची किंवा हवेतला ओलावा ओढून घेणारा डीह्युमिडिफायर लावायचा. कोटिंगचे पैसे तिथे फुकट जातात.

एक किस्सा सांगतो. एका घरमालकांनी तळघराच्या चारही भिंतींना आतून कोटिंग करून घेतलं होतं. कंत्राटदार पाच मिनिटं टॉर्च फिरवून "साहेब, टेन्शन घेऊ नका, अख्खं पॅक करून टाकतो" म्हणाला होता. काम दिसायला झकास झालं, पांढरंशुभ्र आणि चकचकीत. पुढच्या पावसात मला बोलावणं आलं तेव्हा एका कोपऱ्यात तेच कोटिंग भिंत सोडून पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लोंबत होतं. मालकांनी किल्लीचं टोक टेकवलं मात्र, चिळकांडी थेट त्यांच्या शर्टावर. बाहेर जाऊन बघितलं तर गच्चीचं पाणी खाली आणणारा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात जमिनीत शिरत होता. माती उकरली तर खालचा एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, फुटलेला. गच्चीवरून पाइपात रंगीत पाणी सोडलं, आणि थोड्या वेळाने तळघरात गुलाबी ओघळ उतरला. म्हणजे अख्ख्या गच्चीचं पाणी थेट पायाशी ओतलं जात होतं आणि आतून त्यावर रंग फासला होता! एल्बो बदलला, पाइप भिंतीपासून लांब नेला, त्या बाजूच्या जमिनीला उतार दिला. आधीच्या बिलाच्या मानाने हा खर्च किरकोळ होता. आतलं कोटिंग मात्र सगळं खरवडावं लागलं.

म्हणून माझी सवय अशी: कंत्राटदार आला की भाव विचारायचा नाही. "पाणी कुठून येतंय असं वाटतं तुम्हाला, आणि कशावरून?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. जो बाहेर जाऊन पन्हळी, पाइप आणि जमिनीचा उतार बघून येतो त्याच्याशी पुढचं बोलणं. जमीन भिंतीपासून पहिल्या 3 मीटरमध्ये निदान 15 सेंटिमीटर उतरलेली असावी. हे ज्याला माहीत नाही त्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

आतून फासलं की झालं, हा समज

पाण्याचा एक मीटर उंचीचा साठा तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब देतो. जमिनीखाली 3 मीटर गेलेल्या तळघराबाहेर भूजल वरपर्यंत चढलं असेल तर तळाशी हाच दाब तीन टनांवर जातो. बाहेरच्या अंगाने लावलेल्या थराला हे पाणी भिंतीवर दाबून धरतं, आतून लावलेल्या थराला तेच पाणी भिंतीपासून ढकलून काढतं. त्यामुळे साध्या रंगाचा किंवा रबरी कोटिंगचा आतून काही उपयोग नाही. बाहेरून खोदता येत नसेल तर काँक्रीटमध्ये मुरून स्फटिक तयार करणारं क्रिस्टलाइन मटेरियल, भेगांत दाबाने रसायन भरायचं इंजेक्शन, नाहीतर पाणी आत येऊ देऊन कडेच्या नालीतून संपमध्ये, म्हणजे पाणी जमवायच्या खड्ड्यात घ्यायचं आणि पंपाने बाहेर टाकायचं, असे मार्ग आहेत. शेवटचा मार्ग सांगितला की लोकांना अपमान झाल्यासारखं वाटतं. भूजल सतत चढणाऱ्या जागी मात्र तोच सगळ्यात भरवशाचा असतो.

क्रिस्टलाइन मटेरियल विटांच्या भिंतीवर लावायला सांगणारा भेटला तर नमस्कार करून मोकळे व्हा.

एका ओळीचं कोटेशन

"तळघर वॉटरप्रूफिंग, मटेरियल व मजुरीसह, लमसम." असा कागद हातात घेऊन नंतर भांडायला काही उरत नाही. पोपडे आलेलं प्लास्टर पक्क्या पृष्ठभागापर्यंत फोडणार का? पांढरे क्षार घासून काढणार का? फरशी-भिंतीचा सांधा कापून भरणार का, आणि कापला तर खाच कशी? इंग्रजी व्ही आकाराची खाच मला चालत नाही, त्यातलं भरण पाण्याच्या दाबाने सुटून येतं. खाच चौकोनी हवी, आतून थोडी रुंद असेल तर उत्तमच. कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर भर, मारणार का? काँक्रीट ओतताना साचा धरून ठेवणाऱ्या टाय रॉडची भोकं आणि भिंतीतून जाणाऱ्या पाइपांच्या कडा धरल्यात का? मटेरियलचं नाव, किती कोट, दोन कोटांत किती तास, क्युरिंग किती दिवस, हे सगळं लिहून घ्या.

आणि खप लिहून घ्या. प्रत्येक मटेरियलच्या डेटाशीटवर चौरस मीटरला किती किलो लागतं ते दिलेलं असतं. समजा दोन कोटांना मिळून दीड किलो आहे आणि तुमची भिंत 100 चौरस मीटर, तर 150 किलो लागणार, म्हणजे 25 किलोच्या सहा पिशव्या. काम संपल्यावर रिकाम्या पिशव्या मोजल्याशिवाय मी फेकू देत नाही. चारच निघाल्या तर दोन पिशव्यांच्या जागी पाणी गेलंय, दुसरं काय! कामगारांना हा मोजणारा माणूस आवडत नाही. न आवडू दे.

इथेच घाईवाल्यांची एक जमात भेटते. सकाळी पहिला कोट, दुपारी दुसरा, संध्याकाळी "उद्या फर्निचर आणू का?" सिमेंटचा थर सुकला म्हणजे तयार झाला असं नसतं, त्याला ओला ठेवावा लागतो. तेवढी दमछाक सोसत नसेल तर सामान वरच्या मजल्यावरच राहू द्या.

वॉरंटीचा कागद

"दहा वर्षं वॉरंटी" ऐकून लोक सही करतात. कागद उलटून वाचा. बहुतेक वेळा ती मटेरियलची असते, म्हणजे गळालं तर नव्या पिशव्या मिळतील, पण फोडाफोडी, मजुरी आणि टाइल तुमच्या डोक्यावर. "परत गळालं तर फोडून परत करण्याचा खर्च कोणाचा?" याचं उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तर नेहमीच गोड असतं.

बाकीचं, थोडक्यात

इंजेक्शनचं काम नोझलवर, म्हणजे रसायन आत सोडणाऱ्या तोट्यांवर मोजून देत असाल तर नोझल कुठे बसणार ते आधी खडूने खुणा करून ठरवा, नाहीतर भिंतीची चाळण होते.

भिंतीला आडवी लांब भेग असेल किंवा भिंत आत फुगलेली असेल तर वॉटरप्रूफिंगवाल्याला नंतर बोलावा. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. बाहेरून खोदायचं असेल तेव्हाही त्यालाच विचारा. पायालगतची माती सलग एकदम उपसणारे महाभाग मी पाहिलेत.

बाहेरच्या मेंब्रेनवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पातळ थरावर, संरक्षक बोर्ड न लावता दगडगोट्यांची भर टाकली की मेंब्रेन त्याच दिवशी फाटतं.

सॉल्व्हंटचा प्रायमर बंद तळघरात लावत असतील तर एक्झॉस्ट पंखा आणि विडी-काडीला सक्त मनाई. यात गंमत नाही, माणसं गुदमरतात.

संपच्या पंपाला पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व आणि पर्यायी वीज हवीच, कारण वीज वादळातच जाते. बादलीभर पाणी ओतून फ्लोट, म्हणजे पंप सुरू करणारा तरंगता गोळा, उचलतो का ते कंत्राटदारासमोरच बघा.

पैशांचं म्हणाल तर प्लास्टर फोडून झाल्यावर एक हप्ता, सांधे भरून झाल्यावर दुसरा, कोटिंगनंतर तिसरा. दर टप्प्याचे फोटो काढा, विशेषतः जे झाकलं जाणार त्याचे. दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा होईपर्यंत माझ्याकडे राहते, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगतो. काहीजण तिथेच उठून जातात. त्यांना मी थांबवत नाही.