चोर्ला घाट आणि इंजिनाचा ईसीयू : माझा अनुभव

माझ्या जुन्या मारुती एस्टीम गाडीला चार सिलिंडरांसाठी चार स्वतंत्र थ्रॉटल (हवा आत सोडणाऱ्या झडपा) बसवल्यामुळे मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब इतका अस्थिर झाला की, त्यावरून इंधनाचे प्रमाण ठरवणे विश्वासार्ह राहिले नाही. म्हणून थ्रॉटल किती उघडले आहे आणि इंजिनाचे फेरे किती आहेत, यांवर चालणारा बाहेरचा ईसीयू (इंजिनाचे इंधन नियंत्रित करणारा संगणक) घेतला. बेळगावच्या उद्यमबागेतील वर्कशॉपमध्ये वाइडबँड लॅम्डा सेन्सर (धुरातील ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचे प्रमाण सांगणारा) लावून ट्यूनिंग केले तेव्हा गाडी उत्तम चालली. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेल्यावर मात्र मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडून, ती ओढीला अडखळू लागली.

बेळगाव समुद्रसपाटीपासून 750 मीटरांहून उंच असल्याने खाली हवेचा दाब सुमारे 9 टक्के जास्त असतो आणि हवा दाट मिळते, आणि तो ईसीयू वातावरणाचा दाब फक्त चावी फिरवताना एकदाच मोजत होता. दाट हवेत पातळ मिश्रणावर पूर्ण थ्रॉटल दिल्यास पिस्टनला खरोखर धोका असतो.

त्यामुळे वातावरणाचा दाब मोजणाऱ्या वेगळ्या सेन्सरसाठी स्वतंत्र इनपुट असलेला आणि सतत दुरुस्ती करणारा ईसीयू निवडला. इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) जास्त विद्युत रोधाचे होते, म्हणून ते चालवायला वेगळे ड्रायव्हर सर्किट लागले नाही. आता घाटमाथ्यावरील अनमोडापासून पणजीपर्यंत लॅम्डाचे आकडे स्थिर राहतात. निवड करताना मी हेच आधी तपासेन. पडद्यावरील सजावट आणि लाँच कंट्रोल (थांबलेली गाडी झटक्यात सोडण्याची सोय) नंतर.