मेंदूचा एमआरआय वाचताना या चुका टाळा

कॉन्ट्रास्टनंतरच्या (शिरेतून रंगद्रव्य टोचल्यावर काढलेल्या) टी-वनवर, म्हणजे एमआरआयच्या एका प्रकारच्या इमेजवर, पांढरा डाग दिसला, की 'एन्हान्स होतोय' (रंग घेऊन उजळतोय) असं लिहायची घाई होते. आधी कॉन्ट्रास्टपूर्वीचा टी-वन शेजारी लावा. काही दिवस जुना रक्तस्राव, चरबी, मेलॅनिन, प्रथिनांनी दाट झालेला द्रव हे सगळं इंजेक्शनशिवायही पांढरंच दिसतं. उलट, रंग घेत नाही म्हणून गाठ नाही, असंही धरू नका. लो-ग्रेड ग्लायोमा (मेंदूतली हळू वाढणारी गाठ) बरेचदा फक्त फ्लेअरवरच (द्रवाची चमक दाबून काढलेल्या इमेजवर) सापडतो.

सगळ्यात जास्त गफलत होते ती रिंग एन्हान्समेंटमध्ये, म्हणजे डागाची फक्त कड कड्यासारखी उजळते तेव्हा. ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा आक्रमक कर्करोग), मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरलेला कर्करोग), मेंदूतलं गळू, ट्युबरक्युलोमा (क्षयाची गाठ), डिमायलिनेशन (मज्जातंतूंचं आवरण झिजणं), सगळ्यांचं कडं सारखंच दिसू शकतं. म्हणून डिफ्यूजन आणि एडीसी (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या दोन इमेज) जोडीनेच उघडा. पू घट्ट असतो, त्यात पाण्याच्या रेणूंना हलायला वाव नसतो. म्हणून गळूचा मधला भाग डिफ्यूजनवर लख्ख पांढरा आणि एडीसीवर काळा. ग्लायोब्लास्टोमाच्या कुजलेल्या गाभ्यात एडीसी बहुधा वाढलेला, म्हणजे पांढरा, असतो. नुसतं डिफ्यूजन पाहिलंत तर फसाल, कारण टी-टूवर (पाणी पांढरं दाखवणाऱ्या इमेजवर) खूप पांढरी असलेली जागा तिथेही पांढरी उमटते. एडीसीवर मात्र ती काळी होत नाही. गाभ्यात रक्त असेल तर हा नियमही डळमळतो, तेव्हा एसडब्ल्यूआय (रक्त टिपणारी इमेज) बघाच. कडं कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) बाजूला तुटलेलं आणि डागाच्या मानाने सूज कमी असेल, तर बायोप्सीची शिफारस करण्याआधी डिमायलिनेशनचा विचार व्हायला हवा. हा मुद्दा सुटला, तर रुग्णाच्या डोक्याला विनाकारण छिद्र पडतं.

आजाराच्या आणि उपचारांच्या तारखा न विचारता रिपोर्ट लिहू नका. आठवडाभर जुना इन्फार्क्टही (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) रंग घेतो. तो मेंदूच्या वळ्यांच्या रेषेत आणि एकाच धमनीच्या हद्दीत आहे का, ते पाहा. स्टेरॉइड सुरू झालं असेल तर लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कर्करोग) जवळपास दिसेनासा होऊ शकतो. गाठ काढल्यावर उरलेला भाग शोधायचा, तर स्कॅन ४८ ते ७२ तासांच्या आत हवा, नंतर जखमेच्या कडाही रंग घेऊ लागतात. रेडिएशननंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत वाढलेलं एन्हान्समेंट म्हणजे गाठच वाढली, असं ठामपणे लिहू नये.

सिग्मॉइड सायनसच्या (कानामागच्या मोठ्या शिरेच्या) रेषेत सेरेबेलममध्ये (लहान मेंदूत) बारीक ठिपके दिसले, तर ते रक्तप्रवाहाच्या स्पंदनाचे आभास असू शकतात. दुसऱ्या प्रतलातल्या इमेजमध्ये ते टिकतात का, ते तपासा.

आणि एक डाग सापडला तरी सेला (पिट्यूटरी ग्रंथीची खोबण), कॅव्हर्नस सायनस (तिच्या दोन्ही बाजूंच्या शिरांच्या पोकळ्या), कानाच्या आतला कालवा आणि फोरामेन मॅग्नम (कवटीच्या तळाचं मोठं छिद्र) पाहिल्याशिवाय स्कॅन बंद करू नका.